डीएनएचे नवे वाचन आणि पुराव्याची जुनी साखळी

झाशी येथील महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाच्या नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागास १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री आग लागली. त्याच रात्री दहा अर्भकांचा मृत्यू झाला व पुढील दिवसांत मृतांची संख्या आणखी वाढली. दुसऱ्या दिवशी उत्तर प्रदेशचे उपमुख्यमंत्री ब्रजेश पाठक यांनी दिलेल्या माहितीनुसार दहापैकी सात अर्भकांची ओळख पटली होती, तिघांची पटली नव्हती. आवश्यकता भासल्यास डीएनए चाचणी करण्यात येईल, असे त्यांनी त्या वेळी जाहीर केले.

नवजात बालकाची ओळख सिद्ध करण्याची साधने मुळातच अत्यल्प असतात. त्याच्या बोटांचे ठसे कोठे नोंदलेले नसतात, दातांचा आलेख नसतो, अंगावर ओळखीचा वस्त्रालंकार नसतो. मनगटावरील नावाची पट्टी जळाली की मागे राहतो तो केवळ आई-वडिलांकडून मिळालेला जनुकीय वारसा. या प्रसंगाने एका तांत्रिक विषयाला मानवी चेहरा दिला. न्यायसहायक विज्ञानात आज 'पुढच्या पिढीचे डीएनए अनुक्रमण' या नावाने ओळखले जाणारे तंत्र चर्चेत आहे. जळालेल्या, कुजलेल्या वा अनेकांच्या रक्तात मिसळलेल्या नमुन्यांतूनही माहिती वाचण्याची क्षमता त्यात आहे. मात्र हे तंत्र भारतातील पोलीस ठाण्यांच्या, प्रयोगशाळांच्या आणि न्यायालयांच्या व्यवहारात कितपत उपयोगी ठरेल, हे यंत्राच्या किमतीपेक्षा पुराव्याची जपणूक आणि कायद्याची सिद्धता यांवर अधिक अवलंबून आहे.

डबे मोजणे आणि क्रमांक वाचणे

ब्रिटनमधील लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनए ठशांचे तंत्र शोधून काढले. भारतात हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात डॉ. लालजी सिंह यांनी या तंत्राचा देशी पाया घातला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस केरळमधील तेल्लिचेरी येथील पितृत्वाच्या एका खटल्यात हा पुरावा न्यायालयापुढे आला. पुढे राजीव गांधी हत्या प्रकरणात आणि १९९५ च्या दिल्लीतील तंदूर हत्याकांडात मृतांची ओळख पटवण्यासाठी त्याचा आधार घेण्यात आला.

आज बहुतेक प्रयोगशाळांत वापरली जाणारी पद्धत 'एसटीआर' खुणांवर आधारलेली आहे. मानवी डीएनएच्या ठराविक जागी चार-पाच अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. कोणात तो नऊ वेळा येतो, तर कोणात चौदा वेळा. अशा वीस-पंचवीस जागांवरील आकडे एकत्र मांडले की व्यक्तिविशिष्ट आलेख तयार होतो. या तुकड्यांची लांबी कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस या यंत्राने मोजली जाते.

झाशीसारख्या रेल्वे जंक्शनच्या शहरात हा फरक सहज समजावून सांगता येईल. दूरवरून जाणाऱ्या गाडीला किती डबे आहेत हे मोजणे, ही झाली जुनी पद्धत. प्रत्येक डब्यावर लिहिलेला क्रमांक वाचणे, ही नवी पद्धत. दोन गाड्यांना सारखेच बारा डबे असू शकतात, पण डब्यांचा क्रम आणि क्रमांक वेगळे असतात. त्याचप्रमाणे दोन व्यक्तींच्या खुणेची लांबी सारखी भरली, तरी आतील अक्षरांचा क्रम वेगळा असू शकतो. लांबी मोजणाऱ्या यंत्राला तो फरक दिसत नाही. अनुक्रमण करणाऱ्या यंत्राला दिसतो.

नव्या तंत्राचा दुसरा विशेष म्हणजे व्याप्ती. जुन्या यंत्रात रंगांच्या व लांबीच्या मर्यादेमुळे एका वेळी सुमारे पंचवीस-तीस खुणांपलीकडे जाणे अवघड असते. नव्या यंत्रात डीएनएचे लक्षावधी तुकडे एकाच वेळी समांतर वाचले जातात. त्यामुळे न्यायसहायक कामासाठी तयार केलेल्या संचांत दोनशेहून अधिक खुणा एकाच नमुन्यातून तपासता येतात. त्यांत एसटीआर खुणांबरोबर 'एसएनपी' म्हणजे एकाच अक्षरात आढळणारे फरकही असतात.

जेथे जुनी पद्धत थांबते

सर्वच प्रकरणांत नव्या तंत्राची गरज नसते, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. मृत्यूनंतर लवकर घेतलेला ऊतींचा नमुना आणि तुलनेसाठी आई-वडिलांचे रक्त उपलब्ध असेल, तर प्रचलित एसटीआर पद्धत पुरेशी, स्वस्त आणि शीघ्र आहे. अहमदाबाद येथे १२ जून २०२५ रोजी एअर इंडियाच्या विमानाला झालेल्या अपघातात विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९, अशा एकूण २६० जणांचा मृत्यू झाला. विमानातील कर्मचाऱ्यांत मुंबई परिसरातील अनेक जण होते. अनेक मृतदेह ओळखण्यापलीकडे जळाले होते. गांधीनगर येथील प्रयोगशाळांत नातेवाइकांच्या नमुन्यांशी जुळणी करण्याचे काम अहोरात्र चालले आणि जून महिना संपण्यापूर्वी मृतांची ओळख पटवण्याचे काम पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले.

उष्णता, ओलावा, जंतू आणि काळ यांमुळे डीएनएचे रेणू तुटत जातात तेव्हा जुन्या पद्धतीची मर्यादा जाणवू लागते. एसटीआर खुणा मोजण्यासाठी कित्येकदा तीनशे-चारशे अक्षरांचा सलग तुकडा लागतो. जुन्या हाडात तो शिल्लक नसतो. एकाक्षरी फरक मात्र शंभर-दीडशे अक्षरांच्या तुकड्यातूनही वाचता येतात. फाटलेल्या पत्रातील पूर्ण वाक्य हाती लागत नसले तरी सुटे शब्द हाती लागावेत, तसा हा प्रकार आहे.

न्यूयॉर्कमधील ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात तेथे २,७५३ जणांचा बळी गेला. आग, पाणी आणि विमानाचे इंधन यांमुळे अवशेषांची इतकी हानी झाली होती की सुमारे चाळीस टक्के मृतांची ओळख अद्यापही पटलेली नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनंतर, आणखी दोघांची ओळख पटली, तेव्हा तेथील वैद्यकीय परीक्षक कार्यालयाने पुढच्या पिढीच्या अनुक्रमणाचा अवलंब केल्याचे सांगितले होते. अमेरिकी सैन्यदलाच्या प्रयोगशाळेनेही कोरियन युद्धातील अनामिक सैनिकांच्या हाडांसाठी हेच तंत्र स्वीकारले. ती हाडे दफनापूर्वी रसायनांनी प्रक्रिया केलेली असल्याने जुन्या पद्धतीला दाद देत नव्हती.

भारतातही अशा नमुन्यांची वानवा नाही. २०२२ मध्ये उघडकीस आलेल्या, वसईच्या एका तरुणीच्या दिल्लीतील हत्येच्या प्रकरणात मेहरौलीच्या जंगलातून काही महिन्यांनंतर हाडे व केस मिळाले होते. त्यांपैकी ज्या नमुन्यांतून नेहमीच्या पद्धतीने डीएनए मिळाला नाही, ते हैदराबादच्या डीएनए अंगुलिमुद्रण व निदान केंद्राकडे पाठवण्यात आले. तेथे मायटोकॉन्ड्रियातील डीएनएची तपासणी झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये तो कुटुंबीयांच्या नमुन्यांशी जुळल्याचे पोलिसांनी जाहीर केले. मायटोकॉन्ड्रियातील डीएनए १६,५६९ अक्षरांचा असतो आणि एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात. म्हणून मुळाविना मिळालेल्या केसातही तो टिकून राहतो. मात्र तो आईकडून जसाच्या तसा येत असल्यामुळे एका आईच्या सर्व मुलांत सारखाच असतो. त्यावरून घराण्याचा मातृवंश कळतो, एकटी व्यक्ती निश्चित होत नाही. नव्या तंत्राने हा संपूर्ण रेणू वाचता येतो, तरी ही मूळ मर्यादा कायम राहते.

तुलनेसाठी दुसरी बाजू हवी

डीएनए स्वतः कोणाचेही नाव सांगत नाही. दोन नमुन्यांची तुलना झाली तरच त्यास अर्थ प्राप्त होतो. १८५७ च्या उठावाशी निगडित असलेल्या एका शोधातून ही गोष्ट स्पष्ट झाली आहे. ज्या वर्षी झाशीत राणी लक्ष्मीबाईंच्या हाती सत्ता आली, त्याच वर्षी लाहोरजवळील मियाँ मीर छावणीतील २६ व्या बंगाल पायदळ पलटणीच्या सैनिकांनी बंड केले. त्यांना पकडून ठार मारण्यात आले आणि अमृतसर जिल्ह्यातील अजनाला येथील विहिरीत टाकण्यात आले. २०१४ मध्ये ही विहीर खोदली गेली आणि मोठ्या संख्येने मानवी अवशेष बाहेर आले. हे अवशेष फाळणीच्या काळातील असावेत, असेही एक मत होते.

पंजाब विद्यापीठ, हैदराबादचे पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र, लखनौची बिरबल साहनी संस्था आणि बनारस हिंदू विद्यापीठ येथील संशोधकांनी ५० नमुन्यांतील मायटोकॉन्ड्रियल डीएनए आणि ८५ नमुन्यांतील समस्थानिके तपासली. मृत व्यक्ती पंजाबातील स्थानिक नसून गंगेच्या खोऱ्यातील प्रदेशांतून आलेल्या होत्या, असा निष्कर्ष त्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. ऐतिहासिक नोंदींशी तो सुसंगत होता. परंतु त्यांपैकी एकाही सैनिकाचे नाव त्यातून निष्पन्न झाले नाही, कारण तुलनेसाठी त्यांचे वंशज समोर नव्हते. प्रयोगशाळा कितीही प्रगत असली तरी बेपत्ता व्यक्तींच्या कुटुंबीयांचे नमुने संमतीने घेऊन ठेवण्याची व्यवस्था नसेल, तर बेवारस ठरवलेल्या मृतदेहांची ओळख पटणार नाही. आपल्याकडे ही उणीव मोठी आहे.

सदर बाजारापासून प्रयोगशाळेपर्यंत

झाशीत उत्तर प्रदेशची विभागीय न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळा आहे आणि बुंदेलखंड विद्यापीठात न्यायसहायक विज्ञानाचे शिक्षण देणारी स्वतंत्र संस्थाही आहे. महाराष्ट्रात मुंबईच्या कालिना येथे न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाचे मुख्यालय असून नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड आणि कोल्हापूर येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. तरीही गुन्ह्याच्या पुराव्याचा प्रवास प्रयोगशाळेत सुरू होत नाही. तो घटनास्थळी सुरू होतो.

उदाहरणादाखल झाशीच्या सदर बाजाराचा विचार करावा. छावणीलगतचा हा गजबजलेला बाजार. दुकानदार, सैनिक, प्रवासी, मजूर यांची दिवसभर ये-जा. अशा ठिकाणी एखादा गंभीर गुन्हा घडला, तर दुकानाच्या फळीवर, दाराच्या कडीवर वा जिन्याच्या कठड्यावर एकाच वेळी अनेकांचा डीएनए सापडणे स्वाभाविक आहे. बुंदेलखंडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पाठोपाठ पावसाळ्याचा दमटपणा येतो. रक्ताने ओला झालेला कपडा न वाळवता प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला, तर त्यावर बुरशी धरते आणि डीएनए नष्ट होतो. तोच कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवला, तर वर्षानुवर्षे टिकू शकतो. हा फरक कोट्यवधी रुपयांच्या यंत्रामुळे पडत नाही. कागदी पाकीट, हातमोजे आणि पंचनामा करणाऱ्या अंमलदाराचे प्रशिक्षण यांमुळे पडतो.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तिच्या कलम १७६ मधील तरतुदीनुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे आवश्यक ठरवण्यात आले आहे. राज्यांना यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत देण्यात आली. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये राष्ट्रीय न्यायसहायक पायाभूत सुविधा विस्तार योजनेस मान्यता दिली. तिच्यासाठी २०२४-२५ ते २०२८-२९ या कालावधीत २,२५४.४३ कोटी रुपयांची तरतूद आहे. नवी विद्यापीठ संकुले आणि नव्या केंद्रीय प्रयोगशाळा हा तिचा मुख्य भाग आहे. या तरतुदी स्वागतार्ह आहेत. मात्र घटनास्थळी जाणाऱ्या तज्ज्ञांची संख्या वाढली की प्रयोगशाळेत येणाऱ्या नमुन्यांची संख्याही त्याच प्रमाणात वाढते. प्रयोगशाळांतील मनुष्यबळ त्या वेगाने वाढले नाही, तर घटनास्थळी मिळवलेला लाभ प्रतीक्षेत वाया जाईल.

न्यायालयांनी काय पाहिले

सर्वोच्च न्यायालयाच्या अलीकडील काही निकालांत डीएनए पुराव्याचे यश आणि अपयश दोन्ही दिसून येतात. दिल्लीतील २०१२ च्या सामूहिक बलात्कार व हत्या प्रकरणात २०१७ मध्ये दोषसिद्धी कायम ठेवताना न्यायालयाने डीएनए अहवालांना महत्त्वाचे स्थान दिले. त्याच दिल्लीतील छावला येथील २०१२ च्या प्रकरणात मात्र नोव्हेंबर २०२२ मध्ये फाशीची शिक्षा झालेल्या तिघांची मुक्तता झाली. त्या प्रकरणात १४ व १६ फेब्रुवारी रोजी घेतलेले नमुने २७ फेब्रुवारी रोजी प्रयोगशाळेकडे गेले. मधल्या काळात ते पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात होते. त्यांच्यात फेरफार वा भेसळ झाली नसल्याची खात्री न्यायालयाला पटली नाही.

महाराष्ट्रातील उदाहरण ठाणे जिल्ह्यातील आहे. २०१० मध्ये सहा वर्षांच्या बालिकेवर अत्याचार करून तिची हत्या केल्याच्या प्रकरणात आरोपीला फाशीची शिक्षा सुनावण्यात आली होती. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये ती रद्द करून त्याची मुक्तता केली. नमुने पाठवण्यात झालेल्या विलंबाचे समाधानकारक स्पष्टीकरण नव्हते, त्यामुळे डीएनए अहवालावर विसंबता येत नाही, असे न्यायालयाने नमूद केले. या निकालाची दुहेरी वेदना लक्षात घ्यावी लागेल. आरोपी निर्दोष असेल तर तो इतकी वर्षे मृत्युदंडाच्या छायेत राहिला. दोषी असेल तर एका बालिकेला न्याय मिळाला नाही. दोहोंपैकी सत्य काय, हे आता कोणतेही यंत्र सांगू शकणार नाही.

तमिळनाडूतील एका दुहेरी हत्या प्रकरणात १५ जुलै २०२५ रोजी निकाल देताना न्यायालयाने याही पुढे जाऊन देशभरासाठी निर्देश दिले. नमुन्याच्या पाकिटावर प्रथम माहिती अहवालाचा क्रमांक, कलम, तपास अधिकारी आणि पोलीस ठाणे यांची नोंद असावी. नमुना ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवण्याची जबाबदारी तपास अधिकाऱ्याची राहील आणि विलंब झाल्यास कारण नोंदवावे लागेल. खटला प्रलंबित असताना न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडता येणार नाही. नमुना घेतल्यापासून अंतिम निकालापर्यंत तो कोणाच्या ताब्यात कधी होता, याची नोंदवही ठेवून ती खटल्याच्या कागदपत्रांस जोडावी लागेल. यांतील एकाही निर्देशासाठी नवे विज्ञान लागत नाही. डीएनए पुरावा आपल्या देशात येऊन तीन दशके उलटून गेल्यावर ते द्यावे लागले.

सूक्ष्मतेचा धोका

नवे तंत्र आल्याने ही अडचण कमी होईल, असा समज होण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात ती वाढू शकते. यंत्र जितके अधिक सूक्ष्म, तितका नमुन्यात चुकून मिसळलेला परका डीएनएही अधिक स्पष्ट दिसतो. जर्मनीत हाइलब्रॉन येथे २००७ मध्ये एका महिला पोलीस कर्मचाऱ्याची हत्या झाली. तेथे मिळालेला एका अज्ञात स्त्रीचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधील सुमारे चाळीस घटनास्थळी आढळला. या गूढ गुन्हेगार स्त्रीचा शोध दोन वर्षे चालला. अखेर २००९ मध्ये उलगडा झाला की नमुने टिपण्यासाठी वापरलेल्या कापसाच्या काड्यांवरच तो डीएनए होता. काड्या बनवणाऱ्या कारखान्यातील कामगार स्त्रीचा तो होता.

अमेरिकेत कॅलिफोर्निया येथे २०१२ मध्ये एका खून झालेल्या व्यक्तीच्या नखांवर ज्याचा डीएनए मिळाला, तो इसम घटनेच्या वेळी रुग्णालयात होता, असे पुढे आढळून आले. त्याला आधी तपासणाऱ्या रुग्णवाहिका पथकानेच नंतर घटनास्थळी मृतदेह हाताळला होता. या दोन्ही घटनांत प्रयोगशाळेने डीएनए चुकीचा वाचला नव्हता. वाचन अचूक होते, त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा होता. एखाद्या जागी कोणाचा डीएनए आहे, हे विज्ञान सांगते. तो तेथे कधी आणि कसा आला, हे सांगण्यासाठी तपास करावाच लागतो.

अहमदाबाद दुर्घटनेनंतर ब्रिटनमधील काही कुटुंबांना चुकीचे अवशेष मिळाल्याचा दावा त्यांच्या वकिलांनी जुलै २०२५ मध्ये केला. सर्व अवशेष विहित पद्धतीनुसार व आदरपूर्वक हाताळण्यात आले, असे भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने स्पष्ट केले. या वादाचे तथ्य काहीही असो, जुळणीचा अहवाल बरोबर येण्याइतकेच योग्य पेटीवर योग्य क्रमांक असणे महत्त्वाचे आहे, याची त्यातून आठवण होते.

याशिवाय संभाव्यतेचा प्रश्न उरतो. आलेख जुळला, म्हणजे तो योगायोगाने दुसऱ्या कोणाशी जुळण्याची शक्यता किती, याचे गणित अहवालात असावे लागते. त्यासाठी त्या त्या लोकसमूहात कोणती खूण किती प्रमाणात आढळते, याची माहिती लागते. भारतात शतकानुशतके जातीअंतर्गत विवाह होत आल्यामुळे एका समूहात दुर्मीळ असलेली खूण दुसऱ्यात सामान्य असू शकते. एसटीआर खुणांच्या लांबीविषयी भारतीय समूहांचे बरेच अभ्यास प्रसिद्ध झाले आहेत. नव्या तंत्राने वाचलेल्या अक्षरक्रमांबाबत हे काम अजून पुष्कळ व्हावयाचे आहे. ते झाल्याशिवाय न्यायालयापुढे मांडलेला आकडा भक्कम दिसेल, पण त्याचा पाया परदेशी माहितीचा असेल.

वंश, रूप आणि कायद्याची पोकळी

नव्या संचांतील काही खुणा ओळख पटवण्यापलीकडे जातात. डोळ्यांचा व केसांचा रंग आणि पूर्वज कोणत्या भूभागातील असावेत, याविषयी त्या अंदाज देतात. ही पद्धती मुख्यतः युरोपीय लोकसंख्येवर बेतलेली आहे. निळे डोळे आणि तपकिरी डोळे यांतील भेद तेथे तपासाला दिशा देऊ शकतो. भारतात बहुतेकांचे डोळे व केस काळे वा गडद तपकिरी असल्याने त्याचा उपयोग मर्यादित आहे. वंशाच्या अंदाजाबाबत मात्र धोका गंभीर आहे. सदर बाजारासारख्या अनेक समाजांच्या वस्तीत "संशयित अमुक समूहाचा असावा" असा अहवाल आला, तर एका व्यक्तीवरील संशय संपूर्ण वस्तीवर पसरण्यास वेळ लागणार नाही. महाराष्ट्राला हा इतिहास परिचित आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवले आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती विमुक्त घोषित झाल्यानंतरही पारधी समाजासारख्या अनेकांच्या वाट्याला तो संशय आजही येतो. विज्ञानाच्या भाषेत तोच शिक्का पुन्हा उमटू नये, याची दक्षता घेणे कायद्याचे काम आहे.

येथेच पोकळी आहे. विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये आपल्या २७१ व्या अहवालात मानवी डीएनए तपासणीच्या नियमनासाठी विधेयकाचा मसुदा सादर केला. डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयक जुलै २०१९ मध्ये लोकसभेत मांडण्यात आले. संसदेच्या स्थायी समितीने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यावर अहवाल दिला. जुलै २०२३ मध्ये ते विधेयक मागे घेण्यात आले. दरम्यान फौजदारी प्रक्रिया ओळख अधिनियम २०२२ मध्ये अमलात आला. त्यात जैविक नमुने व त्यांचे विश्लेषण यांचा समावेश आहे आणि नोंदी ७५ वर्षे जतन करण्याची तरतूद आहे. परंतु नमुन्यातून कोणती माहिती वाचावी आणि कोणती वाचू नये, वंश किंवा आजारांविषयीच्या खुणांचे काय करावे, डीएनए प्रयोगशाळांची मान्यता व देखरेख कोणत्या नियामकाकडे असावी, हे प्रश्न त्यात सुटलेले नाहीत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला आहे. लांबी मोजणाऱ्या जुन्या पद्धतीत व्यक्तीविषयी फारसे काही उघड होत नव्हते. अक्षर न् अक्षर वाचणाऱ्या पद्धतीत ते होऊ शकते. म्हणून आता ही पोकळी अधिक जाणवणार आहे.

अमेरिकेत २०१८ मध्ये कौटुंबिक वंशावळीच्या संकेतस्थळावरील माहितीच्या आधारे अनेक दशके फरार असलेला एक खुनी पकडला गेला. गुन्हेगाराने स्वतः नमुना दिला नव्हता. त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी दिला होता. म्हणजेच एका व्यक्तीने दिलेली संमती तिच्या संपूर्ण गोतावळ्याला लागू होते. असे शोध कोणत्या गुन्ह्यांत आणि कोणाच्या परवानगीने करावेत, हे तंत्र रूढ होण्याआधी ठरणे इष्ट आहे.

अग्रक्रम कोणता

या सर्व विवेचनाचा अर्थ नवे तंत्र लांबणीवर टाकावे असा नाही. बेवारस मृतदेह, जुनी प्रलंबित प्रकरणे, सामूहिक दुर्घटना आणि मिश्र नमुने यांसाठी त्याची खरोखर गरज आहे. त्यासाठी प्रत्येक विभागीय प्रयोगशाळेत यंत्र बसवण्याची मात्र आवश्यकता नाही. अशा यंत्रावर अनेक नमुने एकत्र तपासले तरच खर्च परवडतो आणि निष्कर्ष काढण्यासाठी संगणकीय विश्लेषणाचे विशेष तज्ज्ञ लागतात. त्यामुळे देशात मोजकी सुसज्ज केंद्रे असावीत आणि जिल्ह्यांतून निवडक, कठीण नमुने तेथे जावेत, ही रचना अधिक व्यवहार्य ठरेल.

जिल्हा पातळीवरील गुंतवणूक वेगळी असली पाहिजे. प्रत्येक ठाण्यात नमुने जपण्याची थंड व कोरडी जागा, ताब्याची नोंदवही, ४८ तासांच्या मुदतीसाठी निश्चित वाहनव्यवस्था, अंमलदारांना नियमित प्रशिक्षण आणि पुरावा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांचे स्वतःचे डीएनए आलेख, जेणेकरून चुकीने मिसळलेला नमुना वेळीच ओळखता येईल. बचाव पक्षाला स्वतंत्र तज्ज्ञाचे साहाय्य मिळणे आणि न्यायाधीश व वकील यांना या विषयाचे प्रशिक्षण मिळणे हेही तितकेच आवश्यक आहे. अहवाल समजून घेऊन त्यावर प्रश्न विचारणारे कोणी नसेल, तर सूक्ष्म विज्ञानही अंधश्रद्धेसारखे स्वीकारले जाते.

जेफ्रीज यांच्या तंत्राचा गुन्हे तपासातील पहिला उपयोग १९८६ मध्ये लेस्टरशायरमधील दोन मुलींच्या हत्यांच्या प्रकरणात झाला. त्यात सर्वप्रथम सिद्ध झाले ते गुन्ह्याची कबुली दिलेल्या एका तरुणाचे निर्दोषत्व. खरा गुन्हेगार त्यानंतर सापडला आणि १९८८ मध्ये त्याला शिक्षा झाली. निरपराध्याला सोडवणे आणि अपराध्याला गाठणे, ही दोन्ही कामे डीएनए पुरावा करू शकतो. त्यासाठी पहिल्या पंचनाम्यात बांधलेले पाकीट शेवटच्या सुनावणीपर्यंत निर्विवाद राहिले पाहिजे.